व्हेंडरच्या भेटी वेबसाइटवर टाकू म्हटलं तर सगळी कमिटी रागावली

ताई, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते, पण आपणच कधी पत्र लिहू असं वाटलं नव्हतं. मी एका सरकारी विद्यापीठात अकरा वर्षं शिकवतेय. यंदा माझं नाव एका कमिटीत आलंय. ऑनलाइन शिकवणं आणि परीक्षा यासाठी विद्यापीठ एक मोठी सॉफ्टवेअर सिस्टीम घेणार आहे, पाच वर्षांचा करार, आणि तिच्यात काय काय हवं, कुठली घ्यायची हे आम्ही सातजणांनी ठरवायचंय. दोन महिन्यांतच लक्षात आलं की कंपन्यांची माणसं आम्हाला सगळ्यांना वेगवेगळी भेटतायत, कुणाला केबिनमध्ये, कुणाला कॉन्फरन्सच्या निमित्ताने, कुणाला फोनवर. कोण कुणाला भेटलं ते आमचं आम्हालाही माहीत नसतं. मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं की या भेटींची यादी करूया आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर टाकूया. सगळे एकदम गप्प झाले. मग एकजण म्हणाले, "म्हणजे आम्ही पैसे खातो असं म्हणायचंय का तुम्हाला मॅडम?" कमिटीचे अध्यक्ष माझे पीएचडीचे गाइड आहेत. ते काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, त्याचा फार त्रास होतोय. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. कमिटीत यायच्या तीन महिने आधी मी यातल्याच एका कंपनीच्या वर्कशॉपला गेले होते, दिवसभराचा कार्यक्रम, हॉटेलात जेवण, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा, निघताना एक लॅपटॉप बॅग. तेव्हा त्यात काही गैर वाटलं नव्हतं. आता मी स्वतःच जेवून आलेय आणि दुसऱ्यांना यादी करा म्हणतेय, ते कुठल्या तोंडाने? विषय सोडून देऊ का?
– कमिटीतली एक सदस्य

नाही, सोडू नका. आणि त्या यादीतली पहिली नोंद तुमचीच असू द्या, जेवण, प्रवास, बॅग सगळं धरून. तुम्हाला वाटतंय की या जेवणामुळे तुमचा बोलायचा हक्क गेला. माझं उलट मत आहे. सात जणांत असं कसं होतं हे स्वतःवरून सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आत्ता पुढे आलीय, ती तुम्ही. ज्याने कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही तो यादी करा म्हणाला की बाकीच्यांना तो उपदेश वाटतो, पण "मी गेले होते, त्यांनी खर्च केला होता, तेव्हा मला काही वाटलं नाही आणि आता वाटतंय" असं कुणी म्हटलं की समोरच्यालाही आपलं काय काय झालंय ते आठवायला लागतं.

मी २६ वर्षं एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी विभागात काढली, त्यातली एक गोष्ट सांगते कारण तुमच्या पत्रातला "पैसे खातो असं म्हणायचंय का" हा प्रश्न मी त्या वेळी फार जवळून पाहिला. लायब्ररीसाठी मोठ्या आकाराचा फ्लॅटबेड स्कॅनर घ्यायचा होता, जुने नकाशे, वर्तमानपत्रं असं स्कॅन करायला. टेंडर निघालं, प्री-बिड मीटिंग (बोली भरण्याआधी कंपन्यांच्या शंका ऐकायची बैठक) झाली आणि एका छोट्या कंपनीचा माणूस कागद हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, अट क्रमांक १४ कशासाठी आहे ते सांगता का? अट अशी होती की स्कॅनरचं झाकण डाव्या बाजूला उघडणारं असावं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. डाव्या बाजूला का, ते कुणालाच सांगता येईना. मग तो म्हणाला, बाजारात या आकाराचे जे स्कॅनर आहेत त्यात डाव्या बाजूला झाकण उघडणारं मॉडेल एकाच कंपनीचं आहे.

झालं होतं काय, तर लायब्ररीच्या प्रमुखांना त्या कंपनीने डेमो दाखवला होता, जाताना माहितीपत्रक ठेवून गेले होते, आणि अटी लिहायला बसल्यावर टेबलावर तेच पत्रक होतं. सरळ माणूस हो, अतिशय सरळ. एका पैशाचा व्यवहार नव्हता त्यात, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण तक्रार झाली, चौकशी लागली, आणि चौकशीत पहिला प्रश्न हाच की या कंपनीला तुम्ही टेंडरच्या आधी भेटला होतात का. ते हो म्हणाले, त्यांच्या डायरीत तारीखही होती, ती त्यांनी दाखवली. तर समोरचे म्हणाले ही नोंद तुम्ही आत्ता केली नाही कशावरून? याला काय उत्तर देणार? १४ महिने ती चौकशी चालली, शेवटी काही निघालं नाही, पण तोवर त्या माणसाचं बोलणंच बंद झालं होतं, कॉरिडॉरमधून भिंतीकडेने चालायचे. डेमो झाला त्याच दिवशी ती एक ओळ सगळ्यांना दिसेल अशा जागी गेली असती तर ती नोंद मागाहून केलीय असं कुणाला म्हणताच आलं नसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या कंपनीने ती वाचून टेंडरच्या आधीच फोन केला असता की आमचंही मशीन बघा, मग अट १४ कागदावर आलीच नसती.

म्हणून तुमच्या त्या सहकाऱ्यांना मी असं उत्तर देईन की नाही सर, तुम्ही पैसे खात नाही हेच मला सगळ्यांना दिसायला हवंय, आणि आत्ता ते दाखवायला तुमच्याकडे काहीही नाही.

आता थोडं खोलात जाते, कारण "आमच्याकडे टेंडर होतं, सीलबंद असतं, मग अजून काय पाहिजे" असं तुम्हाला ऐकवतील. टेंडरचे बहुतेक नियम टेंडर निघाल्यापासून सुरू होतात. पाकिटं कधी उघडायची, मार्क कसे द्यायचे, सगळं लिहिलेलं असतं. पण खरी निवड बरेचदा त्याच्या आधी झालेली असते, आपल्याला "काय हवंय" हे ठरतं तेव्हा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर हे फारच सोपं आहे. एखाद्या कंपनीचा माणूस तीन वेळा येऊन प्रेमाने समजावून जातो की परीक्षेच्या वेळी अमुक फीचर नसेल तर कॉपी कशी होते, आणि ते फीचर नेमकं त्यांच्याकडेच असतं. तुमच्या डोक्यात ते गरज म्हणून बसतं, कंपनीचं म्हणून बसत नाही. मग अटींमध्ये ते "अनिवार्य" म्हणून येतं आणि बाकीचे चार जण दारातच बाद होतात. यात लाच नाही, खोटेपणा नाही, ज्याला भेटलो त्याचंच म्हणणं कानात राहिलं, एवढंच. आणि या काळावर, म्हणजे विषय निघाल्यापासून टेंडर निघेपर्यंतच्या सहा-आठ महिन्यांवर, बहुतेक ठिकाणी कुणाचीच नजर नसते.

"एका जेवणाने मी विकला जाईन का?" हे वाक्य तर तुम्ही ऐकणारच आहात, मी शंभर वेळा ऐकलंय. याचं उत्तर मला डॉक्टरांच्या उदाहरणात सापडलं. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने औषध कंपन्यांना डॉक्टरांवर केलेला खर्च कळवणं सक्तीचं झालं आणि २०१४ पासून तो सगळा डेटा लोकांसाठी खुला झाला. त्यावरून २०१६ मध्ये एक अभ्यास आला, जवळपास २ लाख ८० हजार डॉक्टरांचा, आणि त्यात दिसलं की ज्या डॉक्टरांनी एखाद्या ब्रँडच्या औषधासंदर्भात कंपनीकडून एक जरी जेवण घेतलं होतं त्यांच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये ते औषध, जेवण न घेतलेल्यांपेक्षा जास्त होतं. जेवणंही काही फार मोठी नव्हती, सरासरी २० डॉलरच्याही आतली. आता जेवणामुळेच तसं झालं असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही, दोन गोष्टींचा संबंध दिसला एवढंच, तेवढं प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे बघता आलं ते नोंदी उघड्या होत्या म्हणून. आपल्या विद्यापीठांमध्ये असा अभ्यास करायचा म्हटलं तर काय बघणार, नोंदच नाही.

आणि विद्यापीठांचं म्हणाल तर २००७ मध्ये अमेरिकेतच विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कर्जावरून मोठं प्रकरण झालं होतं. कॉलेजं, विद्यापीठं विद्यार्थ्यांना "या कंपन्यांकडून कर्ज घ्या" अशी पसंतीची यादी द्यायची, मुलं बिचारी विश्वासाने तिथूनच घ्यायची. न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी चौकशी सुरू केली तेव्हा बाहेर आलं की यादी करणाऱ्या काही अधिकाऱ्यांकडे त्याच कर्ज कंपनीचे शेअर होते, कुठे कंपन्यांनी सहली घडवल्या होत्या, कुठे कर्जाच्या उलाढालीतला वाटा संस्थेलाच मिळत होता. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात मग आचारसंहिता सक्तीची झाली, भेटवस्तू आणि उलाढालीतला वाटा बंद केला गेला. तोपर्यंत मुलांनी कर्जं घेऊन झाली होती. तुमच्या सिस्टीमवर पाच वर्षं किती मुलं परीक्षा देणार आहेत याचा हिशोब तुम्हीच करा, ती मुलं त्या कमिटीत नाहीत, त्यांना कुठलीच कंपनी भेटायला येत नाही, आणि सिस्टीम परीक्षेच्या मधेच बंद पडली तर रडायचं त्यांनीच.

आता एक आक्षेप जरा वजनदार आहे, तो असा की व्हेंडर, म्हणजे विकायला येणाऱ्या कंपन्या, म्हणतात आमची माहिती गोपनीय आहे, गोपनीयतेच्या करारावर सही करा, आणि मग कमिटीतले म्हणतात बघा, आम्हाला सांगताच येत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कंपनीच्या सॉफ्टवेअरचं आतलं तंत्र, त्यांचा अजून बाजारात न आलेला प्लॅन, हे गुपित असू शकतं, मान्य. पण "अमुक कंपनीची दोन माणसं अमुक तारखेला अमुक सरांना भेटली आणि परीक्षेच्या मोड्यूलवर बोलली" हे कुणाचं गुपित आहे? ते तर सार्वजनिक पगारावर काम करणाऱ्या माणसाच्या कामाच्या वेळेचा हिशोब आहे.

आणि गोपनीयतेच्या नावाखाली नुकसान कुणाचं होतं तेही बघा. संशोधनाच्या जर्नल्सच्या सबस्क्रिप्शनचं वर्षानुवर्षं असंच होतं, कुठलं विद्यापीठ किती भरतं ते दुसऱ्याला कळायचं नाही. थिओडोर बर्गस्ट्रॉम नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांकडे माहितीच्या कायद्याखाली करार मागायला सुरुवात केली. २००९ मध्ये जर्नल्स छापणारी एल्सव्हिअर कंपनी कोर्टात गेली, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने करार देऊ नये म्हणून, आणि कोर्टाने कंपनीचं म्हणणं मानलं नाही. २०१४ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचा पेपर आला तेव्हा दिसलं की २००९ साली त्याच कंपनीच्या जर्नल्सच्या गठ्ठ्यासाठी मिशिगन विद्यापीठाने सुमारे २१.६ लाख डॉलर दिले आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या विस्कॉन्सिन-मॅडिसनने सुमारे १२.२ लाख. जवळजवळ पावणेदोन पट! दोन्हीकडे हुशार माणसं होती, दोन्हीकडे वाटाघाटी झाल्या होत्या, फक्त एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या लायब्ररीने तर २०११ मध्ये जाहीरच केलं की यापुढे किंमत गुप्त ठेवायची अट असलेल्या करारावर आम्ही सही करणार नाही. म्हणजे व्हेंडरला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं म्हणून विद्यापीठ काही बंद पडत नाही.

बरं, आता रजिस्टर कसं असावं ते सांगते, कारण माझा अनुभव असा की अशा सूचना हवेत राहतात म्हणून पडतात, हातात कागद असला की लोक निदान कागदावर भांडतात. नोंद एका ओळीत मावायला पाहिजे. तारीख, कंपनीचं नाव, त्यांच्याकडून कोण आलं आणि त्यांचं पद, आपल्याकडून कोण होतं, कुठे भेटलो, भेट कुणी मागितली, कशावर बोललो ते एका वाक्यात, त्यांनी काय ठेवून दिलं, मग ते माहितीपत्रक असो, ट्रायल लायसन्स असो की बॅग, आणि खाण्यापिण्याचा, प्रवासाचा खर्च कुणी केला. बस. "विविध विषयांवर चर्चा झाली" असं लिहिलेलं मात्र चालवून घेऊ नका, मी अशा हजारो ओळी वाचल्यात आणि त्यांचा कुणालाही काडीचा उपयोग होत नाही. "ऑनलाइन परीक्षेत कॅमेऱ्याने लक्ष ठेवायच्या फीचरचा डेमो दाखवला, ते अटींमध्ये असावं असं सुचवलं" असं असेल तर वाचणाऱ्याला कळतं.

"कुठे भेटलो" हा रकाना गाळू नका. केबिनमधल्या भेटी लोक लिहितात, बाकीच्या लिहीत नाहीत. कॉन्फरन्समध्ये चहाच्या रांगेत कुणी नमस्कार केला तर तो लिहायची गरज नाही, पण त्या नमस्कारानंतर वीस मिनिटं तुमच्या टेंडरबद्दल बोलणं झालं तर ती भेट झाली. फोन, व्हिडिओ कॉल, व्हॉट्सअॅपवर "सर, तो अटींचा ड्राफ्ट एकदा बघू का" असा आलेला मेसेज, हे सगळं यात येतं. शेवटचा तर लिहायचाच आणि कुलसचिवांना कळवायचाच. उलट आधीच घेतलेल्या प्रिंटरला पेपर अडकतो म्हणून सर्व्हिस इंजिनिअर आला, नेटवर्क बंद आहे म्हणून हेल्पलाइनला फोन केला, हे त्यात घालू नका, नाहीतर रजिस्टर चार दिवसांत कंटाळवाणं होईल आणि लोक ते बंद करायला तेच कारण देतील.

कुणी लिहायचं हाही प्रश्न येणार. नुसतं कुलगुरू आणि कुलसचिव म्हणून चालत नाही. अटींचा ड्राफ्ट टाइप करणारा आयटी विभागातला माणूस, डेमोला मार्क देणारे प्राध्यापक, बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, ज्यांच्या शब्दाने निवड फिरू शकते ते सगळे. बाहेरचे तज्ज्ञ तर विशेषकरून, कारण ते कधीकधी त्याच कंपन्यांना सल्ला देत असतात आणि त्यांना कुणी विचारतच नाही.

वेळेचं म्हणाल तर युरोपियन कमिशनने २०१४ च्या नोव्हेंबरात ठरवलं की कमिशनर, त्यांचे सल्लागार आणि खात्यांचे महासंचालक ज्या कंपन्या-संघटनांना भेटतील त्या भेटी दोन आठवड्यांच्या आत जाहीर करायच्या. मी म्हणते तुमच्या कमिटीला दोन आठवडेही जास्त होतील, नोंद त्याच दिवशी आणि वेबसाइटवर आठवड्याला एकदा, म्हणजे निर्णयाच्या आधी लोकांना दिसेल. करार झाल्यावर यादी टाकणं म्हणजे वराती मागून घोडं. चिलीमध्ये २०१४ च्या लॉबी कायद्याने (लॉबिंग म्हणजे अधिकाऱ्यांना भेटून निर्णय आपल्या बाजूने वळवायचा प्रयत्न) अधिकाऱ्यांच्या भेटी, त्यांचे प्रवास आणि त्यांना मिळालेल्या भेटवस्तू अशा तिन्हींची नोंद उघडी केली. आपल्या भाषेत "भेट" या एकाच शब्दात भेटणं पण येतं आणि देणं पण येतं, मला ते फार बरोबर वाटतं, रजिस्टरमध्येही दोन्ही शेजारी शेजारीच हवं.

आयर्लंडचा २०१५ चा कायदा आणखी वेगळा आहे, तिथे लॉबिंग करणाऱ्यानेच वर्षातून तीनदा कळवायचं की मी कुणाशी कशाबद्दल बोललो. यातून एक साधी गोष्ट तुम्ही उचलू शकता, टेंडरमध्येच एक फॉर्म ठेवा, बोली लावणाऱ्याने मागच्या १२ महिन्यांत विद्यापीठातल्या कुणाकुणाला भेटला ते लिहून सही करायची. मग दोन याद्या होतात, एक आपली, एक त्यांची, आणि त्या शेजारी ठेवल्या की न जुळणारी ओळ आपोआप दिसते, कुणी कुणावर बोट दाखवायची वेळ येत नाही. आणि टेंडर एकदा निघालं की वैयक्तिक भेटी पूर्ण बंद, प्रश्न असतील ते लेखी, उत्तरं सगळ्यांना एकदम.

"असं केलं तर व्हेंडर येणारच नाहीत, मग नवीन काय आहे ते आम्हाला कळणार कसं?" हेही कुणीतरी म्हणेल, आणि म्हणणारा बहुतेक मनापासून म्हणत असेल. भेटायला मनाई नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. भेटावंच, न भेटता चांगली खरेदी होत नाही, ऑफिसात बसून अटी लिहिणारे आमच्यासारखे लोक वाट्टेल ते लिहितात. एक दिवस ठरवून सगळ्या कंपन्यांना बोलवा, प्रत्येकाला सारखा वेळ, समोर कमिटी आणि पाच-दहा विद्यार्थी, आणि जे दाखवतील ते सगळ्यांसमोर. माझ्या विभागात आम्ही पुढे हेच सुरू केलं तेव्हा मोठ्या कंपन्या कुरकुरल्या, आणि ज्यांना आधी कुणी दारात उभं करत नव्हतं अशा दोन लहान कंपन्या पहिल्यांदा आत आल्या. त्यातल्या एकीचं मशीन आम्ही घेतलं, मी निवृत्त होईपर्यंत ते चालू होतं.

आता तुमच्या सरांचं. मला यातच तुमचं खरं दुखणं दिसतंय, रजिस्टरपेक्षा. तुम्ही हा विषय थेट मीटिंगमध्ये काढलात, अध्यक्षांना आधी काही न सांगता. मुद्दा बरोबर होता, पण ज्या माणसाने तुम्हाला संशोधन शिकवलं त्याला सहा लोकांसमोर एकदम उत्तर द्यायला लावलंत, त्यांना ते लागलं असणार. त्यांनी काही लपवलंय असं त्यांच्या गप्प बसण्यावरून ठरवू नका, तसं असेलही, नसेलही. त्यांच्याकडे जा, एकट्या जा, आणि यादीचा विषय न काढता स्वतःचा काढा. "सर, कमिटीत यायच्या आधी मी त्या कंपनीच्या खर्चाने वर्कशॉपला जाऊन आलेय, हे मला लेखी सांगायचंय, कसं सांगू ते तुम्हाला विचारायला आले." एवढंच म्हणा आणि थांबा, त्यांना बोलू द्या. गाइडकडे असा प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थिनीला बहुतेक गाइड हाकलत नाहीत. आणि त्यांच्याही मनात एखादं वर्कशॉप असेल तर त्यांना सांगायला वाट मिळते.

ते काहीही म्हणाले तरी पत्र द्याच, अध्यक्षांच्या नावे, प्रत कुलसचिवांना, आणि पोच घ्या. बॅग पत्रासोबत कुलसचिवांच्या ऑफिसात जमा करा, वापरलेली असली तरी. त्या पत्रात कमिटीला विचारा की मी मार्क द्यायला बसू की नको. "त्या एका कंपनीला मी मार्क देत नाही, बाकीच्यांना देते" असं मात्र सुचवू नका, त्याने तुलनाच बिघडते, एकतर सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको. मार्क द्यायचं काम काढून घेतलं तर वाईट वाटून घेऊ नका, सिस्टीममध्ये काय हवं, शिकवणाऱ्याला रोज काय अडतं, हे सांगायचं काम तुमचं राहतंच.

मग पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय लेखी द्या, वरचा एका ओळीचा नमुना जोडून, आणि सगळ्यांसाठी एक तारीख ठरवा, त्या तारखेपासूनच्या भेटी सक्तीने, आधीच्या ज्याने त्याने स्वेच्छेने. मागचं उकरून काढायचं नाही हे त्यांना दिसलं की निम्मा विरोध तिथेच गळून पडतो. तरीही नाही म्हणाले तर तुमचं मत मिनिट्समध्ये नावानिशी नोंदवायला सांगा, आणि मिनिट्स सही होण्याआधी ते खरंच आलंय का ते वाचून बघा, "चर्चा झाली" असं लिहून विषय गुंडाळायची जुनी सवय असते. जिथे माहितीचा कायदा आहे तिथे कुणीही नागरिक या भेटींबद्दल अर्ज करू शकतो हेही कमिटीला शांतपणे सांगा. भारतातल्या २००५ च्या कायद्यात तर कलम ४ सरकारी संस्थांना निर्णय कसे होतात, कुठल्या कमिट्या आहेत, त्यांच्या मीटिंगची मिनिट्स लोकांना बघायला मिळतात का, हे कुणी न मागता जाहीर करायला सांगतं, आणि व्यापारी गुपिताला सूट देणाऱ्या कलम ८ मध्येही मोठं जनहित असेल तर माहिती द्यावी असं लिहिलंय. अर्ज आल्यावर धावपळ करून माहिती गोळा करण्यापेक्षा ती आधीच टाकलेली बरी, हे मीटिंगमध्ये क्लार्कलासुद्धा पटतं, कारण ती धावपळ त्यालाच करावी लागते.

आणि सगळं फेटाळलं गेलं तरी तुमची स्वतःची यादी तुम्हाला कोण थांबवणार? विद्यापीठाच्या वेबसाइटवर प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान असतं, तिथे शोधनिबंधांच्या खाली "कंपन्यांच्या भेटी" म्हणून टाका, आधी कुलसचिवांना कळवून. आज रात्री झोपायच्या आधी पहिली ओळ लिहा. वर्कशॉपची तारीख, कंपनीचं नाव, कोण भेटलं, काय दाखवलं, दुपारचं जेवण आणि जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा, एक लॅपटॉप बॅग मिळाली, अमुक तारखेला जमा केली. शेवटची तारीख तेवढी मोकळी सोडा, उद्या ऑफिसातून पोच घेतलीत की भरा.